न्यूनगंड नेमका कुणाचा?
स्तनवर्धन शस्त्रक्रियेमागील 'मानसिक कारणां'ची चिकित्सा

'न्यूनगंड' हा शब्द शिक्षकांना नवा नाही. मागच्या बाकावर बसणारा, प्रश्न विचारला की मान खाली घालणारा विद्यार्थी दिसला की आपण सहज म्हणून जातो, "त्याला न्यूनगंड आहे." असे म्हटले की काहीतरी उलगडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आपण फक्त एक नाव दिलेले असते. तो गप्प का बसतो, हे कळायचे शिल्लकच असते. नाव देणे आणि कारण सांगणे यांतली ही गल्लत वर्गात झाली तर एका मुलावर अन्याय होतो. वैद्यकात झाली तर तिच्या आधारावर माणसाच्या अंगावर शस्त्र चालते.

असे एक उदाहरण येथे तपासायचे आहे. स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया आज जगभरात दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक स्त्रियांवर होते. कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यानंतर तो पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रिया यात धरलेल्या नाहीत. म्हणजे हे सारे निरोगी शरीरावरचे उपचार आहेत. मग स्त्रिया ते का करवून घेतात? वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, रुग्णालयांची माहितीपत्रके आणि बरेचसे वैद्यकीय लेखनही एकच उत्तर देते : आत्मविश्वासाचा अभाव, स्वतःच्या शरीराविषयी कमीपणाची भावना, थोडक्यात न्यूनगंड. शस्त्रक्रियेने तो जातो, म्हणून शस्त्रक्रिया योग्य.

विषय शिक्षकांच्या खोलीत सहसा निघत नाही. पण आठवी-नववीच्या मुलींच्या हातात येणाऱ्या मोबाइलवर या जाहिराती रोज येतात, आणि त्यांना दिलेले उत्तर मात्र आपण कधी तपासलेले नसते. म्हणून संकोच बाजूला ठेवून या उत्तराकडे पाहू.

तपासणी सोपी व्हावी म्हणून तीन गोष्टी आधीच वेगळ्या करून ठेवूया. एखादी स्त्री आपण हे का केले ते सांगते, तो तिचा हेतू. अनेक स्त्रियांकडे पाहून, तुलना करून संशोधक जे शोधतो, ते कारण. आणि एखाद्या व्यवसायाला आपले काम योग्य ठरवण्यासाठी जे सांगावे लागते, ते समर्थन. तिन्ही 'का?' या एकाच प्रश्नाची उत्तरे वाटतात, पण ती एक नाहीत. प्रचलित उत्तरात ती एकमेकांत मिसळली आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवायचे आहे.

ॲडलर यांचे निदान, सर्जनांचा उपाय

आल्फ्रेड ॲडलर हे व्हिएन्नाचे डॉक्टर. अवयवांच्या उणेपणाविषयी त्यांनी १९०७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादा अवयव दुबळा असला तर माणूस त्याची भरपाई करण्यासाठी धडपडतो, असा त्यातला विचार होता. पुढे हा विचार शरीराकडून मनाकडे सरकला. मोठ्यांच्या जगात प्रत्येक मूल लहान आणि परावलंबी असते, त्यामुळे उणेपणाची भावना सर्वांच्याच वाट्याला येते. ती वाढत जाऊन माणसाला जखडून टाकते तेव्हा तिचा गंड होतो. ॲडलर यांनी यावर सुचवलेला उपाय होता माणसाला काम, मैत्री आणि समाज यांच्याशी जोडून देण्याचा. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात त्यांनी शाळांना जोडून बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली, ती याच विश्वासातून. शिक्षकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

१९२६ पासून ॲडलर यांची अमेरिकेत व्याख्याने होऊ लागली आणि त्यांचा शब्द तिथे घरोघरी पोचला. सौंदर्यशस्त्रक्रिया करणारे सर्जन तेव्हा अडचणीत होते. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे चेहरे घडवून या शाखेने मान मिळवला होता. पण धडधाकट माणसाचे नाक केवळ सुबक करून देणाऱ्याकडे इतर डॉक्टर संशयाने पाहत. रोग नाही तर उपचार कसला, हा प्रश्न होता. इतिहासकार एलिझाबेथ हायकेन यांनी 'व्हीनस एन्व्ही' या १९९७ सालच्या पुस्तकात दाखवले आहे, की न्यूनगंडाच्या कल्पनेने ही अडचण सोडवली. रोग नाकात नसेल, पण नाकामुळे मनात आहे. मग नाकावर केलेली शस्त्रक्रिया हा मनावरचा उपचार ठरतो. सर्जनांनी ॲडलर यांचे निदान उचलले आणि त्यांचा उपाय मात्र मागे ठेवला.

या काळातली एक गोष्ट फार बोलकी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत सपाट छातीची फॅशन होती. तरुणी छाती दाबून बसवणारी पट्ट्यासारखी अंतर्वस्त्रे वापरत. त्या काळात स्तनांवर ज्या शस्त्रक्रिया होत, त्या मुख्यतः ते लहान करण्याच्या किंवा वर उचलण्याच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर भरदार छातीची फॅशन आली, आणि मागणी उलटी झाली. तीस वर्षांत अमेरिकन स्त्रियांची शरीरे बदलली नव्हती, मनाची मूलभूत घडणही बदलली नव्हती. बदलले होते ते बाहेरचे माप. न्यूनगंड हे मूळ कारण मानले, तर तो १९२५ मध्ये एका दिशेला आणि १९५५ मध्ये नेमका विरुद्ध दिशेला का ओढतो, याचे उत्तर मनाच्या आत सापडणार नाही.

लहानपणाचा रोग होतो

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना सहसा १८९५ पासून सुरुवात करतात. जर्मनीतील हायडेलबर्गचे सर्जन व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी त्या वर्षी एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढल्यावर झालेली पोकळी तिच्याच शरीरातील चरबीच्या गाठीने भरून काढल्याचे प्रसिद्ध केले. नंतर पॅराफिन, स्पंज, द्रवरूप सिलिकोनची इंजेक्शने असे अनेक प्रयोग झाले, आणि त्यांतून बऱ्याच स्त्रियांना दुखापती झाल्या.

आजच्या पद्धतीची सुरुवात १९६२ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाली. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या सर्जनांनी सिलिकोनच्या जेलने भरलेल्या पिशव्या, म्हणजे इम्प्लांट, पहिल्यांदा एका स्त्रीच्या छातीत बसवल्या. सहा मुलांची ही आई रुग्णालयात आली होती ती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनीच तिला नव्या प्रयोगाविषयी विचारले. तिने पुढे मुलाखतीत सांगितले, की आपल्याला खरे तर पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. डॉक्टरांनी दोन्ही करून देण्याचे कबूल केले. या शस्त्रक्रियेच्या मानसिक कारणांवर पुढे ढीगभर निबंध निघाले. पण ती करवून घेणारी पहिली स्त्री तिची मागणी घेऊन आलीच नव्हती. मागणीच्या आधी पुरवठा होता. एका उदाहरणावरून सिद्धान्त उभा राहत नाही हे खरे. तरी 'स्त्रिया ही शस्त्रक्रिया का मागतात?' या प्रश्नाच्या शेजारी 'ती त्यांना कोण सुचवते?' हा प्रश्नही ठेवावा लागतो, एवढे त्यावरून नक्की ठरते.

पुढचा टप्पा १९८२ चा. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाला वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९७६ च्या कायद्याने मिळाला होता. १९८२ मध्ये प्रशासनाने इम्प्लांट सर्वांत कडक तपासणीच्या गटात टाकण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला विरोध करताना प्लास्टिक सर्जनांच्या राष्ट्रीय संघटनेने जे लिहिले ते प्रसिद्ध आहे. स्तन लहान असणे हे व्यंगच नव्हे तर एक रोग आहे. त्यामुळे स्त्रीच्या मनात अपुरेपणाची भावना निर्माण होते, आत्मविश्वास खचतो, देहप्रतिमा बिघडते, असा त्याचा आशय होता. 'मायक्रोमॅस्टिया' हे त्याला नावही होते. ग्रीक शब्दांनी बनलेले नाव ऐकले की रोग आहे असे वाटते. त्याचा साधा अर्थ आहे 'लहान स्तन'.

येथे मानसिक कारण कुठल्या प्रसंगी पुढे आले ते पाहावे. मनोविकारतज्ज्ञांच्या एखाद्या मोठ्या पाहणीतून ते निघाले नव्हते. सरकारी तपासणी टाळण्यासाठी केलेल्या अर्जात ते आले. आपण सुरुवातीला केलेल्या वर्गवारीत ते 'समर्थन' या खान्यात बसते. समर्थन खोटेच असते असे नाही. पण त्याला 'कारण' म्हणून मान्यता द्यायची तर स्वतंत्र पुरावा मागावा लागतो.

१९९२ साली सुरक्षिततेचे पुरावे अपुरे असल्याने प्रशासनाने सिलिकोन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी ते मिळत राहिले, केवळ आकार वाढवण्यासाठी जवळजवळ बंद झाले. २००६ मध्ये ही बंदी उठली; मात्र केवळ आकार वाढवण्यासाठी ते वापरायचे तर स्त्रीचे वय किमान २२ वर्षे असावे, अशी अट आली. २०२१ पासून तिथे प्रत्येक इम्प्लांटसोबत ठळक चौकटीतला धोक्याचा इशारा सक्तीचा आहे. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारे साधन नाही, काळ जाईल तशी गुंतागुंतीची शक्यता वाढते, काही प्रकारांचा संबंध एका दुर्मीळ कर्करोगाशी आहे, हे स्त्रीला आधी सांगावे लागते. 'मनाचा उपचार' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीची ही शारीरिक किंमत आहे.

पुरावा काय सांगतो?

आता कारणाकडे. १९५८ ते १९६१ या काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील सर्जन मिल्टन एजर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांच्या मनाचा अभ्यास केला. मुलाखतींतून त्यांना नैराश्य आणि अपुरेपणाची भावना मोठ्या प्रमाणात आढळली. पुढची अनेक वर्षे हेच चित्र ग्राह्य धरले गेले. १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड सार्वर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या साऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. मुलाखतीवर आधारलेल्या अभ्यासांत मानसिक विकार भरपूर दिसत होते. ठरावीक प्रमाणित प्रश्नावल्या वापरलेल्या अभ्यासांत ते बरेच कमी दिसत होते.

विज्ञान शिकवणाऱ्याला याचा अर्थ लगेच समजेल. मोजपट्टी बदलल्यावर लांबी बदलत असेल तर आधी मोजपट्टी तपासावी लागते. मुलाखत घेणाऱ्याची अपेक्षा उत्तरात उतरते. जुन्या अभ्यासांत अनेकदा तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शस्त्रक्रिया मागायला आलेल्या शंभर स्त्रियांपैकी अमुक इतक्या उदास होत्या, हे वाक्य तोवर निरर्थक आहे, जोवर तशाच शंभर इतर स्त्रियांतले प्रमाण आपल्याला माहीत नाही.

सार्वर यांनी नंतर, २००३ मध्ये, ही तुलना केली. शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यासारखीच शरीरयष्टी असलेल्या, पण तशी मागणी नसलेल्या स्त्रिया, असे दोन गट घेतले. पहिल्या गटातील स्त्रियांना आपल्या स्तनांविषयी अधिक असमाधान होते, ते अपेक्षितच होते. आधीच्या वर्षात मानसोपचार घेतल्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. पण आणखी एक फरक निघाला : दिसण्यावरून चिडवले गेल्याच्या आठवणी त्यांच्याकडे जास्त होत्या. चिडवणे ही गोष्ट मनात उगवत नाही. ती दुसरा कोणीतरी करतो.

असमाधान हाच विकार मानावा, तर पुढची अडचण उभी राहते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४० देशांतील १८,५४१ स्त्रियांना आपल्या स्तनांच्या आकाराविषयी विचारले होते. सुमारे ४८ टक्के स्त्रियांना ते आहेत त्यापेक्षा मोठे हवे होते, २३ टक्के स्त्रियांना लहान हवे होते. आहे त्यात समाधानी फक्त २९ टक्के होत्या. वर्गातल्या शंभरातील एकाहत्तर मुलांना एखादा प्रश्न अवघड गेला, तर आपण मुलांच्या बुद्धीत दोष काढण्याआधी प्रश्नपत्रिका तपासतो. येथेही तसेच करायला हवे.

मग मानसिक कारण कुठेच नसते का? असते, आणि तेही नीट ओळखले पाहिजे. आपल्या शरीरातील नसलेल्या किंवा नगण्य दोषाने काही माणसांना अक्षरशः ग्रासून टाकलेले असते. तासन् तास आरशात पाहणे, लोकांत जाणे टाळणे, एकच विचार पुन्हा पुन्हा येणे अशी लक्षणे दिसतात. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये याचे वर्णन केले. आज त्याला देहविरूपता विकार म्हणता येईल. सौंदर्यशस्त्रक्रिया मागणाऱ्यांत तो शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांत आढळतो. पण या विकारात शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही. तक्रार तशीच राहते किंवा दुसऱ्या अवयवाकडे वळते. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हाच अनुभव सांगितला होता : चेहरा सुधारला तरी काही रुग्णांना आपण कुरूपच वाटत राहतो.

प्रचलित उत्तरातली मुख्य विसंगती येथे उघडी पडते. जिथे मनाचा विकार खरोखर आहे, तिथे सुरी चालवू नये असे वैद्यकच सांगते. आणि जिथे तसा विकार नाही, तिथे 'मनाचा उपचार' हे शस्त्रक्रियेचे समर्थन उरत नाही. न्यूनगंड नावाचा रोग आणि सिलिकोन नावाचे औषध ही जोडी दोन्ही बाजूंनी सुटते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक स्त्रिया निकालावर समाधानी असल्याचे सांगतात, हे अनेक पाहण्यांत दिसते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते समाधान मुख्यतः त्या अवयवापुरते असते. एकूण आत्मसन्मान वाढतो का, याविषयी निष्कर्ष एकमुखी नाहीत. गंड हाच रोग असता तर सर्वांत ठळक फरक नेमका इथे दिसायला हवा होता.

एक आकडा मात्र जपून वाचायला हवा. स्वीडनमध्ये १९६५ ते १९९३ या काळात ही शस्त्रक्रिया झालेल्या ३,५२१ स्त्रियांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू १५ होते. त्या वयाच्या स्वीडिश स्त्रियांच्या प्रमाणानुसार ते पाचच्या आसपास असायला हवे होते. 'तिप्पट आत्महत्या' असा मथळा यातून सहज तयार होतो. शस्त्रक्रियेमुळे आत्महत्या झाल्या असे यावरून सिद्ध होत नाही. डेन्मार्कमधील अभ्यासात अशा स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वीच मनोविकारासाठी रुग्णालयात राहावे लागल्याचे प्रमाण जास्त आढळले होते. सर्वच स्त्रिया मनोरुग्ण होत्या असेही सिद्ध होत नाही. ३,५०६ जणींबाबत असे काही घडलेले नाही. सिद्ध होते ते एवढेच, की या गटात काही अत्यंत दुःखी स्त्रिया होत्या, आणि ज्या उपायाला मनाचा उपचार म्हटले गेले, तो त्यांना वाचवू शकला नाही. त्यांना दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरची गरज होती.

पुण्यातले नाक

मनात कारण नाही तर मग ते कुठे आहे? याचे उत्तर शोधायला थोडे मागे, आपल्याच भागात येऊ. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापले. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठी बैलवाला टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो वीटभट्टीचे काम करणाऱ्या जातीतला होता असे त्या मासिकात म्हटले आहे, कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. हे वर्णन वाचून युरोपातील सर्जनांनी ही पद्धत उचलली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली.

कावसजीने नाक का करवून घेतले? श्वास तर त्याशिवायही घेता येत होता. आपल्या भाषेत उत्तर तयार आहे : नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. शिक्षा म्हणून नाक कापत ते याचसाठी. कापलेल्या नाकाने गावात वावरणाऱ्याला कमीपणा वाटत असणारच. पण त्याला न्यूनगंड झाला होता असे आपण म्हणत नाही, कारण कमीपणा कुणी दिला हे आपल्याला स्वच्छ दिसते. नाक कापणारा डोळ्यांसमोर आहे.

स्तनांच्या बाबतीत कापणारा दिसत नाही, एवढाच फरक आहे. एका ठरावीक बांध्यावर बेतलेले तयार कपडे, चित्रपट आणि जाहिराती, नातेवाइकांचे शेरे, वर्गातले चिडवणे, आणि शेवटी 'यावर उपाय आहे' असे सांगणारा दवाखाना, असे अनेक हात त्यात असतात. एकही हात पुरेसा मोठा नसतो, म्हणून कोणाकडेच बोट जात नाही. मग जिच्या अंगावर खूण उमटली, तिच्याच मनात आपण कारण शोधू लागतो.

स्त्रिया स्वतः काय सांगतात?

समाजाकडे बोट दाखवणारे लेखनही पुष्कळ झाले आहे. नाओमी वुल्फ यांचे 'द ब्यूटी मिथ' हे १९९० चे पुस्तक त्यात सर्वांत गाजले. स्त्रिया शिक्षणात आणि नोकरीत पुढे येत असतानाच सौंदर्याची सक्ती त्यांच्यावर अधिक आवळली गेली, हा त्यांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण अशा लेखनात शस्त्रक्रिया करवून घेणारी स्त्री बरेचदा फसवली गेलेली, जाहिरातींनी भुललेली अशी दिसते. सर्जन तिला रुग्ण ठरवतात, टीकाकार तिला भोळी ठरवतात. विचार करणारी माणूस म्हणून ती दोन्हीकडे दिसत नाही.

ही उणीव कॅथी डेव्हिस यांच्या 'रीशेपिंग द फीमेल बॉडी' या १९९५ च्या पुस्तकाने भरून काढली. मूळच्या अमेरिकन असलेल्या डेव्हिस नेदरलँड्समध्ये संशोधन करत. स्त्रीवादी विचारांच्या एका मैत्रिणीने आपण स्तन वाढवून घेणार आहोत असे सांगितले, तेव्हा हिला हे का हवे, या कोड्यातून त्यांचे काम सुरू झाले. त्या काळी नेदरलँड्समध्ये काही अटींवर अशा शस्त्रक्रियांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा देत असे. अर्जदारांची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याशेजारी बसून डेव्हिस यांनी ५५ अर्जदार पाहिले. समोरची व्यक्ती शरीराचा कोणता भाग बदलून घ्यायला आली आहे, हे त्यांना जवळजवळ कधीच ओळखता आले नाही. बहुतेक सगळ्या चारचौघींसारख्या दिसत होत्या.

मुलाखतींत स्त्रियांनी जे सांगितले ते अनपेक्षित होते. आपल्याला सुंदर व्हायचे नाही, चारचौघींसारखे व्हायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पोहायला जाताना, कपडे बदलताना, नवऱ्याजवळ असताना जो एकच विचार डोक्यातून जात नाही, तो थांबवायचा होता. पुष्कळ जणींनी नवऱ्याचा किंवा मैत्रिणींचा विरोध असताना स्वतः निर्णय घेतला होता. धोके त्यांना माहीत होते. डेव्हिस यांचा निष्कर्ष असा, की ही शस्त्रक्रिया एकाच वेळी प्रश्नही आहे आणि त्या विशिष्ट स्त्रीपुरते उत्तरही आहे.

पुस्तकाचे हे बळ मान्य करूनही दोन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला पद्धतीचा. विम्याचे पैसे मिळण्यासाठी जिथे गंभीर मानसिक त्रास दाखवावा लागतो, तिथे त्रासाची भाषा बोलली जाणारच. त्या स्त्रिया खोटे बोलत होत्या असे नाही. पण प्रश्नपत्रिकेनेच उत्तर सुचवलेले होते. दुसरा आक्षेप महत्त्वाचा. डेव्हिस स्त्रियांचे हेतू इतक्या आस्थेने ऐकतात, की हेतूंच्या मागची कारणे धूसर होतात. 'मला चारचौघींसारखे व्हायचे आहे' हा हेतू प्रामाणिक आहे. पण चारचौघी कशा दिसतात हे तिला कोणी शिकवले? ज्या स्त्रीकडे पाहून संशोधिकेला काहीच वेगळे दिसले नाही, तिला स्वतःला ती वेगळी का दिसते? हा प्रश्न हेतूच्या पलीकडचा आहे आणि पुस्तक त्याच्याशी येऊन थांबते.

आपल्याकडेही हा प्रश्न आता दारात आहे. चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात २०१८ मध्ये स्तनांचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रिया गरिबांना मोफत देण्याची सोय झाली. श्रीमंतांना मिळते ते गरिबांना का मिळू नये, असा तमिळनाडू सरकारचा युक्तिवाद होता, आणि मानसिक लाभाचाही उल्लेख झाला. यात फरक करायला हवा. अति मोठ्या स्तनांमुळे मान-खांदे दुखणाऱ्या स्त्रीला आकार कमी करून खरा शारीरिक आराम मिळतो. कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीची गोष्ट तर वेगळीच. पण केवळ आकार वाढवण्यासाठी 'मानसिक लाभ' हे कारण सरकार देऊ लागले, की कुठला आकार कमी पडतो हे ठरवणेही सरकारी काम होते. नेदरलँड्समध्ये त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तेच करावे लागत होते.

वर्गाशी याचा संबंध

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला छातीवरून चिडवले जाते. कधी मुले चिडवतात, कधी मुलीच. ती खांदे पुढे झुकवून चालू लागते, दप्तर छातीशी धरते, खेळाच्या तासाला बसून राहते. आपण तिला बाजूला घेऊन सांगतो, "न्यूनगंड बाळगू नकोस." हेतू चांगला असतो. पण या वाक्याने घडलेली गोष्ट तिच्या मनात ढकलली जाते आणि चिडवणारा सुटतो. मुलीला समुपदेशन आणि चिडवणाऱ्याला मोकळीक, हा उलटा न्याय आहे. सार्वर यांच्या अभ्यासातील स्त्रियांना चिडवणे लक्षात राहिले होते. तशा आठवणी शाळेत तयार होतात आणि शाळेतच थांबवता येतात.

दुसरे काम विज्ञानाच्या तासाचे आहे. पाठ्यपुस्तकातील शरीराची आकृती एकच असते. मुलांना वाटते तेच माप. आकृतीसोबत विविधताही शिकवावी. स्तनांची वाढ कधी सुरू होते आणि किती वर्षे चालते, हे प्रत्येकीत वेगळे असते. दोन्ही बाजूंत थोडाफार फरक असणे अगदी सामान्य आहे. आकार मुख्यतः चरबीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. बाळाला पुरेसे दूध येण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. ही चार वाक्ये वर्गात सरळ आवाजात, मुले-मुली दोघांसमोर सांगता येतात. ती आपण सांगितली नाहीत तर त्या जागेवर जाहिरात येते.

आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. आरोग्यविषयक कोणतीही एक जाहिरात किंवा पुरवणीतला लेख घ्यावा. त्यात जिथे जिथे 'कारण' सांगितले असेल तिथे खूण करावी आणि प्रत्येक खुणेपुढे लिहावे : हे कुणाचा तरी हेतू आहे, तुलनेने शोधलेले कारण आहे, की विकणाऱ्याचे समर्थन? तुलनेचा गट कुठे आहे? यातून कोणाचा फायदा होतो? उंची, गोरेपणा, केस, दात, वजन, कोणताही विषय चालेल. 'आत्मविश्वास' हा शब्द किती वेळा येतो तेही मोजावे.

एखाद्या सज्ञान स्त्रीने सर्व माहिती घेऊन, विचार करून आपल्या शरीराबद्दल घेतलेला निर्णय तिचा आहे. त्याचा न्याय करण्याचा अधिकार सर्जनाला नाही, टीकाकाराला नाही आणि आपल्यालाही नाही. परंतु तिला माहिती म्हणून जे सांगितले जाते ते तपासण्याचा अधिकार सर्वांना आहे. 'तुझ्या मनात गंड आहे आणि आमच्याकडे त्यावर इलाज आहे' हे विधान वैज्ञानिक म्हणून तिच्यापुढे ठेवले जात असेल, तर त्यासाठी पुरावा मागणे हे विज्ञान शिकवणाऱ्यांचे कामच आहे.